चारचाकीचं तेल

चढाच्या पायथ्याशीच लेकीच्या रेसिंग बाइकचा क्लच घसरला. इंजिन नुसतंच बोंबलत राहिलं, चाक काही ओढेना. बाकीच्या बाइक वर निघून गेल्या, तसा तिच्या मेकॅनिक बापाचा पारा चढला. मागच्या वेळी याच चढावरून ती गडगडत खाली येऊन तिचं हाड मोडलं होतं, तेव्हा प्लास्टर निघताच "हाड जुळलं ना, मग बस परत," म्हणत त्यानेच तिला सीटवर चढवलं होतं.

घरामागच्या गॅरेजमध्ये बाइक लावताना फळीमागे त्याला रिकामा डबा सापडला. चारचाकीच्या इंजिन ऑइलचा.

"तूच ओतलंस ना हे बाइकमध्ये?" त्याने डबा बायकोपुढे आपटला. "तिच्या रेसिंगवरून पहिल्यापासून तुझीच कटकट."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "मला सगळी तेलं सारखीच."

तो पुढचं बोलायला गेला आणि त्याची नजर दाराकडे गेली. दारात लेक हेल्मेट पोटाशी धरून उभी होती, मान खाली घालून.



चारचाकीचं तेल घातलं की बाइकचा तेलात बुडालेला क्लच घसरतो, हे त्याने या घरात फक्त लेकीला शिकवलं होतं.