हात फिरवला

"सही करा," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून अलीकडे सरकवला.

कागदावर दोनच ओळी होत्या. 'पंख्यांच्या देखभालीविषयीच्या सूचनेचा मी चुकीचा अर्थ लावला. झालेल्या नुकसानीस मी जबाबदार आहे.' खाली स्टोअरकीपर बाईंचा हुद्दा, आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलीची फुली. एरवी साहेबांकडून एक कागद निघायला पंधरवडा लागे. हा चहा निवायच्या आत तयार होता.

भानगड सकाळी सुरू झाली होती. रंगखात्यासाठी आलेले बारा पंखे, एकेक माणसाच्या उंचीचा, अकरा महिने स्टोअरमध्ये पडून होते. कारण नवी शेडच तयार नव्हती. आज झाली. मिस्त्री पंखे न्यायला आला, त्याने रीतीप्रमाणे नोंदवही उघडली आणि तो मटकन स्टुलावर बसला. बारा पंखे, अकरा महिने, एकशे बत्तीस नोंदी. सगळ्या एकसारख्या: 'हात फिरवला.'

"अहो बाई," मिस्त्री म्हणाला, "पंखा आहे की मांजर?"

एवढा मोठा पंखा नुसता ठेवून भागत नाही. महिन्यातून एकदा त्याचं चाक हाताने फिरवावं लागतं आणि थांबवताना आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी थांबवावं लागतं. नाहीतर सगळा भार बेअरिंगच्या त्याच त्या छर्र्यांवर राहतो, शेजारच्या प्रेसचे हादरे बसून खळगे पडतात, आणि पंखा जोडल्यावर आठवडाभरात गळा काढतो. कंपनीच्या पुस्तिकेत हे सगळं परक्या भाषेत होतं. साहेबांनी ते जातीने आपल्या भाषेत आणलं. साहेबांना आपल्या भाषेचा अभिमान होता. भाषेला साहेबांविषयी काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. 'दर महिन्यास प्रत्येक पंख्यावरून हात फिरवावा.' खाली सही, शिक्का. वर काच लावून भिंतीवर चौकट.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात पुस्तिकेतलं चित्र साहेबांपुढे धरलं होतं. एक हात, एक चाक आणि गोल वळलेला बाण.

"साहेब, इथे 'हात' नाही, 'हाताने' हवंय."

"परिपत्रक निघालंय, बाई. शिक्का बसलाय. आता एका बाणासाठी बदलू?"

पंधरवड्याने लेखी ताकीद आली. सूचनेत लिहिल्याहून वेगळं काहीही मालाला केल्यास सेवेतून काढून टाकण्यात येईल.

"एवढा विचार कसला करताय?" साहेब आता मवाळ आवाजात म्हणाले. "बेअरिंग गेली असणार, असं मिस्त्रीच म्हणतोय. पंखे दुरुस्तीला परत जातील. वर कळवायला काहीतरी कारण हवं, ते कारण तुम्ही. फार तर एक समज मिळेल. मी सांभाळून घेईन."

"परत यायला किती दिवस?"

"सहा महिने. फार तर आठ."

रंगखात्यात बाईंची धाकटी बहीण फवारणीवर होती. तिथली रंगाची हवा बाहेर ओढणारा जुना पंखा मागच्या वर्षीच गतप्राण झाला होता. बहीण घरी येऊन खोकली, की त्या दिवशी कारखान्यात कोणता रंग चालला होता ते तिच्या रुमालावर कळे. काल हिरवा होता. "ताई, तुझे पंखे कधी गं येणार?" असं ती पूर्वी विचारायची. हल्ली नुसता रुमाल भिजत टाकायची.

बाईंनी कागद उचलला. त्याच्या नीट चार घड्या केल्या आणि वाकून तो साहेबांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारला. टेबल डुगडुगायचं थांबलं.

"चला, स्टोअरमध्ये या," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने पहिल्या पंख्यावरचं प्लास्टिक काढलं आणि चाकाला एक बोट लावलं. बोट काढलं तरी चाक फिरतच राहिलं. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग दुसरा पंखा. मग तिसरा. असं करत बाराव्यापर्यंत.

"मांजर बरं," शेवटी तो म्हणाला. "मांजर निदान गुरगुरतं तरी. यांना आवाजच नाही. बाई, नुसता हात फिरवून हे होत नाही हो."

"नाहीच होत."

साहेबांच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला. मग त्यांना ताकीद आठवली.

"म्हणजे तुम्ही हे फिरवत होतात? माझी लेखी ताकीद असताना?"

"दर महिन्याला. बाराच्या बारा."

"आत्ताच जोडायला घेतो," मिस्त्री म्हणाला आणि डोकं खाजवू लागला. "पण बाई, कागदाचं काय? हाताने फिरवल्याची नोंद नसेल तर मला एकही पंखा हलवता येत नाही. नियम आहे."

"नोंद केलीत तर ते तुमच्या सहीचं कबुलीपत्र होईल," साहेब म्हणाले. "नोकरी गेली म्हणून समजा. आणि आजवर नोंदवहीत धडधडीत खोटं लिहीत होतात ते वेगळंच!"

"खोटं नाही, साहेब. अपुरं." बाईंनी नोंदवही ओढून घेतली, पहिलं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. "आज पुरं करते."

साहेब वाकून बघू लागले. पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत, एकशे बत्तीस ओळींत, 'हात' आणि 'फिरवला' यांच्यामध्ये एक काना आणि एक 'ने' व्यवस्थित मावेल एवढी जागा कोरी सोडलेली होती.