रोजची पडताळणी

फ्रेमवाल्याने दुकानाचं शटर ओढलं, मागच्या खोलीत येऊन दिवा लावला आणि चष्मा शोधायला लागला. चष्मा कपाळावर होता. हे सांगायला पूर्वी घरात मुलगी होती. आता कधीतरी डोकं खाजवताना त्याचा त्यालाच शोध लागायचा.

भिंतीवर तिचं इंग्रजीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र होतं. लोकांची प्रमाणपत्रं मढवण्यात त्याचा जन्म गेला होता. या परीक्षेची जुनी प्रमाणपत्रं म्हणजे मुंगीएवढी अक्षरं, चार आकडे आणि एक पुसट शिक्का. खरं की खोटं, देव जाणे, आणि देवालाही पत्र पाठवून महिनाभर थांबावं लागत असेल. हे नवीन मात्र तसं नव्हतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, यातलं तिला काय काय येतं ते ठळक लिहिलेलं. मुलीनेच वाचून दाखवलं होतं. कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा चौकोन होता. त्यापुढे कॅमेरा धरला की परीक्षेच्या दिवशी काढलेला तिचा फोटो उघडायचा, त्याखाली हिरवी खूण यायची आणि तिच्या बोलण्याचा एक तुकडा वाजायचा. बोलणारी हीच का, याची कचेऱ्यांना खात्री पटावी म्हणून ती सोय.

फ्रेमवाल्याला कसली खात्री करून घ्यायची होती? मुलगी परदेशी गेली तेव्हापासून रोज शटर ओढलं की तो तिचा मागे राहिलेला टॅब घेऊन त्या चौकोनापुढे उभा राहायचा. काच चमकू नये म्हणून जरा डावीकडून. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बोलायच्या आधी ती लहानपणापासून बारीकसं खाकरायची, ते त्यात आलं होतं. तेवढं ऐकलं की त्याला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. फोनवर ती हल्ली घाईत असायची, आणि व्हिडिओवर तर येतच नव्हती. नेट नाही म्हणे.

आज त्याने टॅब हातात घेतला आणि फोन वाजला.

“बाबा, एक सांगू? रागावू नका.”

“आधी सांग, मग ठरवतो.”

“मी या महिनाअखेर परत यायचं ठरवलं होतं. नोकरीचं काही जमतच नव्हतं. इतके अर्ज केले, एकाचं उत्तर नाही. तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं.”

तो स्टुलावर बसला. त्याच्या मनात तिची खाट खिडकीजवळ सरकलीसुद्धा.

“पण आता नाही येत,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. “कुणीतरी माझं प्रमाणपत्र बघतंय, बाबा. कुणी ते उघडलं की मला निरोप येतो. कोण ते नाही सांगत, नुसतं ‘पडताळणी झाली’ एवढंच. पण रोज येतो, साधारण याच सुमाराला. उगाच कोण कशाला रोज बघेल? म्हणजे कुठेतरी माझं पक्कं होत आलंय. आज मालकिणीला सांगते, खोली आणखी काही महिने ठेवते म्हणून. ठेवू ना?”

फ्रेमवाल्याने हातातल्या टॅबकडे बघितलं, मग भिंतीकडे. जिच्यासाठी जीव तुटत होता तिला त्यानेच तिकडे बांधून ठेवलं होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही रोज, न चुकता.

“बाबा?”

“ऐकतोय.”

‘तो मीच’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण सांगितलं तर तिची आशा मोडणार. शिवाय तिची फसगत होऊ नये म्हणून आपण सांगतोय, की ती परत यावी म्हणून, हे त्याचं त्यालाच कळेना. न सांगावं तर पोर परक्या खोलीत कुणाची तरी वाट बघत राहणार, आणि तो कुणीतरी इथे स्टुलावर बसलेला.

तो उठला. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला आणि टॅब काचेपुढे नेला, जरा डावीकडून.

तिकडे टिंग वाजलं.

“आला बघा,” ती हसत म्हणाली. “बोलता बोलता आला. आजचाही—”

टॅबमधून बारीकसं खाकरणं ऐकू आलं. मग तिचा आवाज सुरू झाला, सावकाश, अंधारात पायरी चाचपावी तसा एकेक शब्द ठेवत. दोघांनी तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला.

“रोज तुम्हीच?” तिने विचारलं.

“रोज.”

मग पुन्हा तेच खाकरणं, या वेळी फोनमधून.

“मला वाटलं होतं, कुणाला तरी मी हवीये.”

फ्रेमवाल्याने टॅबवरची हिरवी खूण अंगठ्याने पुसल्यासारखी केली. ती तशीच राहिली.

“मग त्यात खोटं काय आहे?” तो म्हणाला.