अंगठा आपला, पैसा आपला

“अंगठा जुळला नाही,” मशीन गोड आवाजात म्हणालं.

थोरलीने अंगठा कपड्यावर खसाखसा पुसला आणि पुन्हा काचेवर ठेवला. मशीनने तेच उत्तर दिलं, तितक्याच गोडीने.

“नाही लागायचा,” मुकादम म्हणाला. “काजू सोलता सोलता रेषाही सोलून घेतल्यास तू.” आपल्याच विनोदावर तो हसला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेषा काय तिने हौसेने घालवल्या होत्या? काजूच्या टरफलातला चीक लागला की कातडी जळते. हातमोजे द्या म्हणून शेडमधल्या बायकांनी मुकादमाचं डोकं खाल्लं, तेव्हा मोजे घालून हात चालत नाही असं सांगून त्याने सगळ्यांना वाटेला लावलं होतं. तोच चीक आता धाकटीच्या डोळ्यात उडाला होता. धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण, शेजारीच काजू फोडायला बसायची. लवकर ऑपरेशन केलं तर डोळा वाचेल, पण पैसे आधी भरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मालकाने विचारलं, चष्मा का नव्हता घातला? चष्मे होते की! ऑफिसच्या कपाटात, कुलपात. पाहुणे आले की तेवढ्यापुरते बाहेर यायचे.

बरं, थोरलीकडे पैसे नव्हते असंही नाही. काजू विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीने बायकांसाठी बचतीची योजना काढली होती. मजुरीतला काही भाग परस्पर बँकेत जायचा, तेवढीच भर कंपनी घालायची. पैसे काढायला शेडमध्येच हे अंगठ्याचं मशीन ठेवलं होतं. योजना समजावून द्यायला एक बाई नेमल्या होत्या. बाई फार लाघवी. अख्ख्या शेडमध्ये ‘अगं तू’ म्हणून हाक मारायची रीत, पण त्या सगळ्यांना ताई म्हणायच्या, त्यांच्या डब्यातलं मागून खायच्या. नवऱ्याला, दिराला, मुकादमाला, कुणालाही पैशाचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यांनीच बायकांना शिकवलं. “अंगठा आपला, पैसा आपला,” असं त्या शाळेतल्यासारखं म्हणवून घ्यायच्या.

खातं उघडायच्या दिवशीही थोरलीचा अंगठा लागत नव्हता. बाईंनी तिचा हात प्रेमाने हातात घेतला, अंगठा काचेवर दाबून पाहिला. मग काचेवर ऊन येतंय म्हणून मशीन स्वतःकडे वळवून घेतलं, जरा खटपट केली आणि मशीन एकदाचं वाजलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. पुढे कितीजणींचं असंच झालं. ज्यांच्या रेषा उरल्या होत्या त्यांचं पटकन झालं, बाकीच्यांसाठी बाई घाम गाळत बसल्या. आपल्यासाठी कुणी एवढं करतं, याचंच थोरलीला भरून आलं होतं.

आजही मुकादम हसला तेव्हा बाईच मध्ये पडल्या.

“जुळला नाही म्हणजे रेषा झिजल्यात, ताई. हाताला विसावा द्या, परत येतात. पैसे कुठे पळून जातायत?”

थोरलीने कामावर जाणं बंद केलं. दवाखान्यात धाकटीच्या उशाशी बसायचं आणि अंगठ्याला तेल चोळायचं, एवढंच तिचं काम. मजुरी बुडाली, घरात उसनवारी सुरू झाली. धाकटी बरा डोळा उघडून विचारायची, “उगवल्या का गं?” थोरली म्हणायची, कोंब फुटलेत. दोघी हसायच्या. डॉक्टर मात्र हसायचे नाहीत. आता आणखी थांबलात तर मग येऊच नका, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

त्या सकाळी खिडकीशी अंगठा धरला तर रेषा अगदी स्वच्छ दिसल्या. थोरली तशीच शेडमध्ये गेली.

नेमके त्या दिवशी कंपनीचे साहेब पाहणीला आले होते. बायकांच्या डोळ्यांवर चष्मे, हातांत कोरे मोजे. ते बघून थोरलीचं डोकंच फिरलं. ती तडक मशीनपाशी गेली. बाई लगबगीने आल्या, आज नको म्हणाल्या, उद्या मी स्वतः बँकेत घेऊन जाते म्हणाल्या. साहेबांनी मात्र हसून हात केला. बघू द्या की, याचसाठी तर आलोय.

थोरलीने खात्याचा नंबर दाबला, अंगठा ठेवला.

“अंगठा जुळला नाही. पुन्हा ठेवा.”

“बघितलंत?” मुकादम साहेबांना म्हणाला. “मशीन ठणठणीत आहे. या बायकांचे हातच असले.”

“हात असले कुणी केले?” थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला तशा फोडणाऱ्यांचे हात थांबले. “या हातांनी तुमचे काजू पांढरे निघतात. माझ्या बहिणीचा डोळा गेला तरी चालेल, पण तुमच्या मशीनला नाव ठेवायचं नाही, असंच ना? ह्या बघा रेषा. मोजून घ्या. मशीनच बिघडलंय.”

साहेबांनी खरंच वाकून अंगठा पाहिला. रेषा होत्या. ते गोंधळले. मशीनवरचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता, वाट बघत.

थोरलीला एकदम सुचलं. शेडमध्ये चीक न लागलेला, लोण्यासारखा अंगठा एकच होता. तिने बाईंचं मनगट धरलं.

“बाईंचा लावून बघा. त्यालाही नाही म्हणालं तर मशीन बिघडलंय हे तरी मान्य कराल?”

“माझा कशाला, ताई,” बाई हात सोडवत म्हणाल्या. “सोडा, साहेब काय म्हणतील?”

बाई साहेबांना बुजल्या, असं थोरलीला वाटलं. तिने त्यांचा हात प्रेमाने हातात घेतला आणि अंगठा काचेवर दाबला.

“अंगठा जुळला,” मशीन गोड आवाजात म्हणालं. “आपल्या खात्यात शिल्लक, शून्य.”