काचेपलीकडचा राजा

"ऊठ रे राजा, दोन घास खा," बायको म्हणाली, आणि स्टुलावर चढून पंखा उघडणाऱ्या मेकॅनिकच्या हातून स्क्रू निसटला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या वाट्याला नुसतं 'अहो' आलं होतं. आणि राजा कोण? तर एक उंदीर! पांढरा, जेमतेम चार बोटं लांबीचा, काखेत वाटाण्याएवढी कॅन्सरची गाठ असलेला.

बायकोच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीचा पंखा बिघडल्याचं कळताच मेकॅनिकने हे काम मुद्दाम मागून घेतलं होतं. बायको सुट्टीच्या दिवशीही ज्याच्यासाठी धावत सुटते, तो शहाणा एकदा बघायचाच होता. दारात तिने विचारलं होतं, "अंगावर खरूज, नायटा काही नाही ना?" "छे!" म्हणून तो टोपी, मास्क, झगा, हातमोजे घालून नवरदेवाच्या ऐटीत आत शिरला होता.

"एवढे लाड कशाला त्याचे?"

"अहो, बुरशी सगळ्यांना सारखीच टोचली होती. धडधाकट होते त्यांनी पचवली. गाठवाले एकेक करून गेले, कॅन्सरने त्यांच्या अंगातली राखणच पोखरलेली. हा एकटा उरलाय. का उरला, तेच शोधतेय." तिचा आवाज ओला झाला. "कसाबसा तगलाय. त्यात आणखी बाहेरची बुरशी आत आली, की हाही गेला आणि माझं कामही."

मागे मेकॅनिक तापाने फणफणला होता, तेव्हा हाच आवाज स्वयंपाकघरातून कोरडा ठणठणीत आला होता, "गोळी टेबलावर आहे!"

ती ताजं खाणं आणायला गेली. मोज्यातून स्क्रू चिमटीत येईना, तसा त्याने सवयीने एक मोजा ओढून काढला. मनगटावर नायटा लालभडक फुलला होता. घरात कुणी तो पाहिला नव्हता. पाहायला घरात असतं कोण?

नायटा म्हणजे बुरशीच की! त्याला नुसती खाज. आणि राजाला?

स्टुलावरून उतरून मोजा घातलेल्या हाताने त्याने पिंजऱ्याचं झाकण उचललं. उघडा हात काठापर्यंत नेला. पाठीवरून एकदाच बोट फिरवायचं, लाड केल्यासारखं. कुणाला पत्ता लागला नसता.

उंदीर पळाला नाही. गाठीच्या बाजूला कलत, लटपटत काठाशी आला आणि ओळखीचं माणूस आल्यासारखं त्याने नाक वर केलं.

मेकॅनिकने हात असा मागे घेतला, की जणू त्यालाच कुणी चावलं. झाकण खाड्कन लावलं.

"अहो, मोजा कुठंय?" बायको दारात उभी होती.

त्याने मनगट पुढे केलं. "नायटा आहे. मघाशी थाप मारली."

"शिवलात त्याला?"

"नाही."

"खरं सांगा!"

"नाही म्हटलं ना! शिवणार होतो."

तिने झाकण नीट लागलंय का ते पाहिलं. मग दंडाला धरून तिने त्याला बाहेर काढलं, खोलीच्या दारासमोरच्या बाकावर आदळलं, "गाढव आहात नुसते!" म्हणत प्रथमोपचाराच्या पेटीतलं मलम मनगटावर चोळायला लागली.

"आई गं! झोंबतंय."

"हलू नकोस, राजा," ती पुटपुटली. सवयीनेच बहुधा.

मेकॅनिक दगड होऊन बसला. थोड्या वेळाने त्याने हळूच मान वळवली. दाराच्या काचेपलीकडे, पिंजऱ्यातला तो चार बोटांचा शहाणा मागच्या दोन पायांवर उभा राहून ह्या दोघांकडे टक लावून बघत होता.