वारलूभाऊंचा जॅझ

रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद करून अकरा मिनिटं झाली होती आणि ज्योत्स्नाचा हात चंचलच्या पाठीवरून निघत नव्हता. दहा महिन्यांचं लेकरू, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कोळशाच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावलेल्या. तिने पदराने लेकराच्या मानेची घडी टिपली. घामोळ्या कालच्याच होत्या की वाढल्या होत्या?

"शूऽऽ!" तिच्या नवऱ्याने, आदेशने, कॉम्प्युटरवरून मान न वळवताच दटावलं.

"काही बोलली का ती?" ज्योत्स्ना कुजबुजली. "तुम्हीच बोलून राह्यले."

घुग्घुसच्या याच दोन खोल्यांत आदेश रॅपवाल्या पोरांना बीट बनवून द्यायचा. नागपूरपासून बल्लारशापर्यंतची पोरं त्याच्या ठोक्यावर भांडायची, प्रेमात पडायची. आणि आता याने काय काढलं, तर जॅझचा अल्बम. वाजवणारी सगळी माणसं इथलीच. आठ गाणी झाली होती. नववं वारलूभाऊंसाठी रिकामं ठेवलेलं.

वारलूभाऊ स्टुलावर ताठ बसले होते, शाळेत बसल्यासारखे. तीस वर्षं वरातीत सॅक्सोफोन वाजवलेला माणूस. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने वरचे दात सगळे खिळखिळे झालेले, आणि सॅक्सोफोनचं तोंड नेमकं त्याच दातांखाली धरावं लागतं. उद्या सकाळी चंद्रपूरला जाऊन ते काढून टाकायचे होते, एकजात सगळे.

"कवळी बसवून देतील ना भाऊ," ज्योत्स्नाने सकाळी चहा देताना म्हटलं होतं.

"कवळीनं भाकर खाता येते, बाई. हे नाई धरता येत."

म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

"भाऊ, घ्या," आदेश म्हणाला.

वारलूभाऊंनी वाजवलं. सूर सरळ, कॉम्प्युटरच्या टकटकीशी ठोक्याला ठोका बरोबर. ओळ संपली, थांबले. "झालं?"

ही चौथी खेप. आदेशने कपाळ धरलं. "भाऊ, पुढं जा ना! सोडा जराशे. जॅझ म्हंजे ठरलेलं सोडाचं. मनात येईन तसं वाजवाचं."

"मनात काय येईन रे बावा? समोर गादी आहे."

आदेशला हसूही आलं आणि रडूही. त्याने परत यंत्र सुरू केलं. पाचवी खेप. तीच सरळ ओळ.

ज्योत्स्नाची नजर लेकराच्या मानेवरून वारलूभाऊंच्या डोळ्यांवर गेली. ओळ संपली की ते डोळे खाली वळायचे, स्टुलापुढच्या फरशीवर, दोन-तीन हातांच्या आत. तिथे काहीतरी शोधायचे आणि रिकामेच परत यायचे. कोणी तरी तिथे हवं होतं.

"भाऊ," ती एकदम म्हणाली, "वरातीत तुम्ही कोणाकडे पाहून वाजवता?"

"पायाकडे. नाचनाऱ्याच्या. पाय जिकडे जाईन तिकडे आपुन. अन् पाय थांबेपर्यंत बाजा थांबवाचा नाई, आमच्यात पह्यले हेच शिकवते." ते थोडे खुलले. "भद्रावतीले तुमच्याच लग्नात नाई का, याचे दोस्त थांबतच नव्हते. तुमची कांताआत्या मले मारायले धावली होती, मुहूर्त चालला म्हनून."

ज्योत्स्ना उठली. चंचलला कमरेवर घेतलं आणि स्टुलापुढे जाऊन उभी राहिली, बरोब्बर त्या फरशीवर.

"अवं, पायाचा आवाज येईन माइकमंदी!" आदेश ओरडला.

"येऊ द्या."

"लेकरू ओरडंन!"

"ओरडू द्या. तुमची ती टकटक बंद करा आधी."

कॉलेजच्या गॅदरिंगनंतर ती नाचली नव्हती. स्वतःच्या लग्नात तर नवरीच होती. पहिली दोन पावलं तिने अशी टाकली, जशी ओल्या फरशीवर टाकावीत. मग तिसरं. वारलूभाऊंचे डोळे खाली आले आणि या वेळी तिथे पाय होते.

सूर वाकला. तिने गिरकी घेतली तसा तोही तिच्यामागे वळला, अडखळला, उडी मारून पुढे गेला. ती हसली. तिने मुद्दाम पाऊल मागे ओढलं. सॅक्सोफोनने दम धरला आणि ते पडायच्या आत पकडलं. आदेश खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले होते.

तेवढ्यात चंचल जोरात किंचाळली. ज्योत्स्नाने आदेशकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी खुणावत होता: चालू ठेव, चालू ठेव! आणि वारलूभाऊंनी लेकराची ती किंचाळी जशीच्या तशी वाजवून तिला परत दिली. लेकरू खदखदून हसलं, परत किंचाळलं. आता तिघांची जुगलबंदी लागली. खोलीभर नुसता घाम आणि आनंद. आदेश तोंडावर हात दाबून, आवाज न करता, जागच्या जागी उड्या मारत होता.

मग तिला ते दिसलं. वारलूभाऊंच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक धार हनुवटीकडे निघाली होती. लेकराचं झबलं भिजून अंगाला चिकटलं होतं. तिचा हात भरून आला होता. थांबायला हरकत नव्हती. गाणं केव्हाच मिळालं होतं. तिने पाऊल थांबवलं असतं, तर त्यांनीही बाजा थांबवला असता, कायमचा.

वारलूभाऊंनी डोळे वर केले, फक्त एकदा, तिच्या तोंडाकडे. आणि परत पायांवर आणले.

ज्योत्स्नाने लेकरू दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि टाच जोरात आपटली.