दहाच जागा

सदोष निघालेल्या बीपीच्या गोळ्यांचे बॅच नंबर कंपनीने सकाळी कळवले आणि औषध दुकानांसाठी तिने लिहिलेल्या प्रोग्रामने त्या गोळ्या घेणाऱ्यांना मेसेज पाठवलेही. तरी तिने प्रोग्राम पुन्हा उघडून पाहिला. त्या गोळ्या कोणी घेतल्या हे शोधणाऱ्या डेटाबेसच्या क्वेरीत नंबर भरायला तिने दहाच जागा ठेवल्या होत्या. कमी आले तर उरलेल्या जागांत शेवटचाच नंबर पुन्हा भरायचा. जास्त येतायत कशाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं! आता कंपनीची यादी उघडली तर नंबर बारा! शेवटचे दोन बाहेरच राहिले होते आणि प्रोग्रामने हूं की चूं केलं नव्हतं. दुरुस्ती राहिली बाजूला, तिने आधी वडिलांना फोन लावला. “बाबा, तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा नंबर वाचा.” “शेजारच्यांनी त्यांच्या फेकल्या गं, मेसेज आला म्हणून. मी म्हटलं, लेकीने मला कळवलं नाही, म्हणजे माझ्या चांगल्या.” “बाबा, नंबर!” “वाचतो. घोटभर पाणी पिऊ दे आधी, गोळी अजून घशातच आहे.”