तीन नॅनोमीटर

घरूनच व्हिडिओ एडिटिंग करायचा तो. व्हिडिओ तयार व्हायला लावला, की त्याचा कॉम्प्युटर तासभर रडतखडत चालायचा. तेवढ्यात तो आईला फोन करून घ्यायचा.

"अगं, ह्या कॉम्प्युटरची चिप सात नॅनोमीटरची, नव्याची तीनची! जितकं बारीक काम, तितका वेग. मग मला वेळच वेळ!"

"मला कुठे त्यातलं कळतंय? तुला उसंत मिळणार असेल तर घे बाबा."

नवा कॉम्प्युटर आला. कामं झटपट उरकू लागली, म्हणून त्याने दुप्पट कामं घेतली.

महिन्याभराने आईचाच फोन आला. "कसं चाललंय नवं मशीन?"

"एकदम सुसाट! बोल पटकन, काय काम होतं?"



"काही नाही रे. जुनं विकून टाकलंस का, एवढंच विचारायचं होतं."